जनुकीय साथरोगशास्त्रात यायचंय? पुण्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

लोकसमूहांत कोणता आजार कोणाला होतो आणि त्यात जनुकांचा वाटा किती, याचा अभ्यास म्हणजे जनुकीय साथरोगशास्त्र. या क्षेत्रात येऊ पाहणारे बहुतेक विद्यार्थी आधी विचारतात की सिक्वेन्सिंग (डीएनएतली अक्षरं क्रमाने वाचणं) कुठे शिकायला मिळेल. ते शिकायला फार काळ लागत नाही, आणि बऱ्याच संस्था ते काम बाहेरून करूनही घेतात. काळ लागतो तो इतर गोष्टींना. अभ्यासात कोणाला घ्यायचं, त्यांचं काय आणि कसं मोजायचं, वीस वर्षं त्यांच्याशी संपर्क कसा टिकवायचा, दोन आकड्यांमधला संबंध खरा की भासमान हे कसं ओळखायचं. म्हणून पुढचा बराचसा मजकूर मोजमापाबद्दल आहे. जनुकं त्यामागून येतात.

पुण्यात याचा उत्तम दाखला आहे. १९९३ साली के.ई.एम. रुग्णालयाच्या मधुमेह विभागाने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. इथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो भरलं, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. काम वजनकाट्यावर थांबलं असतं तर ‘आपली बाळं लहान’ एवढंच हाती आलं असतं. पण पाठीवरच्या त्वचेची घडी कॅलिपरने मोजली गेली, आणि वजन इतकं कमी असूनही चरबी मात्र बरीचशी टिकून आहे, कमतरता मुख्यतः स्नायूंची आहे, हे दिसलं. भारतीयांना सडपातळ दिसत असतानाही मधुमेह का होतो, या प्रश्नाला त्यातून नवी दिशा मिळाली. याच मुलांचा पुढे कित्येक वर्षं पाठपुरावा झाला म्हणून त्यांच्या डीएनएलाही अर्थ आला.

कोणत्या शाखेतून यायचं

वाटा तीन आहेत. एम.बी.बी.एस. झालेल्यांना कम्युनिटी मेडिसिनमधली एम.डी. किंवा एम.पी.एच. (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी) जवळची. संख्याशास्त्राच्या पदवीधरांना सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग आहे. जीवतंत्रज्ञान आणि बायोइन्फर्मॅटिक्सच्या मुलांनाही याच विद्यापीठात अभ्यासक्रम आहेत. आरोग्याकडे अनेक विषयांतून बघायचं असेल तर विद्यापीठातला आरोग्यविज्ञानाचा आंतरविद्याशाखीय विभाग पाहा. पुण्याबाहेर जायची तयारी असेल तर चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनल संस्था आणि कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था या तिन्ही विचारात घ्या.

आमचं स्पष्ट मत असं की तिघांत सर्वांत कमी अडखळतो तो संख्याशास्त्राचा विद्यार्थी, पण त्याने निदान सहा महिने गावात काम केलेलं असावं. डॉक्टर मंडळींना रोग कळतो, रिग्रेशनशी (गोष्टींमधला संबंध आकड्यांत मांडण्याच्या पद्धतीशी) मात्र ती उशिरा झुंजायला लागतात. जीवतंत्रज्ञानाच्या मुलांना जनुक कळतं. नमुना कुठून आला आणि कोण सुटलं, हा प्रश्न त्यांना सहसा सुचत नाही. आपली उणी बाजू कोणती ते ओळखा आणि पहिलं वर्ष तिच्यावरच खर्च करा.

पहिले सहा महिने घरी बसून

पैसे न भरता बरंच शिकता येतं. आर ही संगणकभाषा आणि प्लिंक ही जनुकीय माहितीच्या विश्लेषणाची आज्ञावली, दोन्ही मोफत आहेत. ‘१००० जीनोम्स’ प्रकल्पाची माहिती खुली आहे. तीत २६ लोकसमूहांतल्या २,५०४ माणसांचे जीनोम (संपूर्ण डीएनए) आहेत. ती उतरवून घ्या, एकच गुणसूत्र निवडा (२२वं सर्वांत सोयीचं, फाइल लहान असते), आणि स्वतः मुख्य घटक विश्लेषण (हजारो फरकांचं सार दोन-तीन अक्षांवर आणणारी पद्धत) करून आलेख काढा. या संचातले दक्षिण आशियाई गट पाच: ह्यूस्टनमधले गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, ब्रिटनमधले तेलुगू आणि ब्रिटनमधलेच श्रीलंकन तमिळ. मराठी भाषकांचा गट त्यात नाही. पुढे पुण्यातल्या नमुन्यांवर काम करताना ही उणीव पावलोपावली भेटते, म्हणून ती आत्ताच लक्षात ठेवा.

सोबत नमुना-संख्येचं एक गणित पाठ करा. एखादा जनुकीय बदल समजा वजनातल्या फरकापैकी १ टक्का समजावून सांगतो. एकच ठरवलेला बदल तपासायचा असेल आणि ८० टक्के खात्री हवी असेल, तर ८ ला ०.०१ ने भागा: साधारण ८०० माणसं. तोच बदल संपूर्ण जीनोम चाळून शोधायचा असेल तर ८ च्या जागी ४० घ्या: साधारण ४,०००. आणि बदलाचा वाटा १ टक्क्याऐवजी ०.३ टक्के असेल तर आकडा १३,००० च्या वर जातो. बहुतेक बदलांचा वाटा त्याहूनही कमी असतो. संपूर्ण जीनोम चाळताना एवढी माणसं लागतात कारण सुमारे १० लाख स्वतंत्र चाचण्या एकदम होतात. त्यामुळे ०.०५ या नेहमीच्या मर्यादेला १० लाखांनी भागून पी-मूल्य (निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता) १० कोटींत ५ याहून कमी यावं लागतं. तीनशे रुग्ण आणि तीनशे निरोगी माणसं घेऊन ‘जनुक शोधू’ म्हणणारा प्रस्ताव दिसला की हे गणित करून पाहा.

गावात: इथेच अभ्यास घडतो किंवा बिघडतो

कोहॉर्टमध्ये (त्याच माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात) फील्ड वर्कर म्हणून किंवा त्यांच्या सोबतीने काम करायची संधी मिळाली तर ती सोडू नका. के.ई.एम.च्या संशोधन केंद्राचं वढू इथलं ग्रामीण काम पुण्यापासून दूर नाही. गावागावांतल्या जन्म, मृत्यू आणि स्थलांतराची नोंद वर्षानुवर्षं कशी ठेवतात ते तिथे दिसतं.

आधी वेळापत्रक. पालखीचे दिवस, जूनमधली पेरणी, गावची जत्रा आणि लग्नसराई वगळूनच शिबिरं ठरवा. ग्रामपंचायत, आशाताई आणि अंगणवाडीताईंना पंधरा दिवस आधी कळवा. गाडी पहाटे पोहोचायला हवी, कारण रक्त उपाशीपोटी घ्यायचं असतं आणि शेतावर जाणारा माणूस नऊनंतर थांबत नाही.

‘उपाशी आहात ना?’ एवढंच विचारून भागत नाही. गुरुवार, एकादशी किंवा श्रावणी सोमवार असेल तर माणूस मनापासून ‘हो’ म्हणतो आणि सकाळी साबुदाण्याची खिचडी झालेली असते. ‘रात्री जेवल्यापासून पाण्याशिवाय काय काय घेतलं? चहा? तंबाखू, मिश्री?’ असं एकेक नाव घेऊन विचारा आणि शेवटचं खाणं किती वाजता झालं ते लिहा. आठ तासांचं अंतर नसेल तर त्यांना दुसऱ्या दिवशी बोलवा.

वय ही दुसरी डोकेदुखी. कागदपत्रांत १ जून ही जन्मतारीख इतकी सर्रास भेटते की ती पाहताच थांबायला शिका. शाळेत नाव घालताना ती लिहिली गेलेली असते. घरातल्या पहिल्या मुलाचं वय, लग्नाचं वर्ष, १९७२ चा दुष्काळ किंवा १९९३ चा किल्लारीचा भूकंप यांच्याशी जोडून वय पक्कं करा, आणि ते कशावरून ठरवलं याचा वेगळा रकाना ठेवा.

नावांचंही तसंच. लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही. पंधरा वर्षांनी तीच मुलगी शोधायची तर माहेरचं पूर्ण नाव, आईचं नाव, माहेरचं गाव आणि मामाचा फोन नंबर पहिल्याच भेटीत घ्यावा लागतो. पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं. जन्मवजन ७२ तासांच्या आत मोजायचं ठरलं असेल तर वजनकाटा माहेरच्या गावी पोहोचवण्याची व्यवस्था आधीच हवी. ती नसेल तर नेमक्या पहिलटकरणींच्या नोंदी गळतात आणि निष्कर्ष एका बाजूला झुकतो.

मोजमापाचे काही नियम. उंची ०.१ सेंटीमीटरपर्यंत, दोनदा. दोन मापांत ०.५ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तिसऱ्यांदा. अंबाडा सोडायला सांगा, नाहीतर दोन-तीन सेंटीमीटर केसच मोजले जातात. सारवलेली जमीन सपाट नसते, म्हणून वजनकाट्याखाली घालायला जाड प्लायवूडची फळी सोबत न्या. काटा दर आठवड्याला ठरलेल्या वजनाने तपासा आणि वहीत सही करा. त्वचेच्या घडीचं माप तीनदा. ते घेणाऱ्या दोन माणसांची मापं महिन्यातून एकदा त्याच वीस जणांवर ताडून पाहा. एकाचं माप सतत २ मिलिमीटर जास्त येत असेल आणि तो एकाच गावात जात असेल, तर त्या गावातली माणसं उगीच जाड ठरतात.

ग्लुकोज चाचणीत नेहमी होणारी गफलत अशी. नियमाप्रमाणे ७५ ग्रॅम निर्जल ग्लुकोज २५० ते ३०० मिलीलिटर पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायला द्यायचं असतं. बाजारातली पावडर बरेचदा मोनोहायड्रेट असते, म्हणजे तिच्यात पाणी धरलेलं असतं. तिचं वजन ८२.५ ग्रॅम घ्यावं लागतं. डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. दोन तासांची वेळ पहिल्या घोटापासून मोजा.

रक्ताच्या नळ्या

डीएनएसाठी जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी, ग्लुकोजसाठी करड्या झाकणाची फ्लोराइडची, सीरमसाठी लाल किंवा पिवळी. भरण्याचा क्रम लाल, जांभळी, करडी. हिरव्या झाकणाच्या नळीत हेपरिन असतं आणि ते पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) बिघडवतं, म्हणून डीएनएसाठी ती वापरू नका. नळी आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट करा. जोरात हलवली तर पेशी फुटतात.

होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल) मोजणार असाल तर ईडीटीए नळी लगेच बर्फात ठेवून तासाभरात प्लाझ्मा वेगळा करावा लागतो, कारण तांबड्या पेशी ते सोडत राहतात आणि आकडा फुगतो. ग्लुकोजचं उलटं: पेशी ते खात राहतात आणि तासाला ५ ते ७ टक्क्यांनी ते घटू शकतं. फ्लोराइडचा परिणाम व्हायलाही वेळ लागतो, म्हणून करडी नळीसुद्धा बर्फातच. लांबच्या गावातल्या माणसांची साखर शहराजवळच्या माणसांपेक्षा कमी दिसली, तर आहारावर लेख लिहिण्याआधी गाडीला किती वेळ लागला ते पाहा. रक्त घेतल्याची आणि सेंट्रिफ्यूजमध्ये ठेवल्याची, दोन्ही वेळा नोंदवा.

१ मिलीलिटर रक्तातून साधारण २० ते ४० मायक्रोग्रॅम डीएनए मिळतो, आणि जीनोटायपिंगच्या (डीएनएतल्या ठरावीक जागा वाचण्याच्या) चिपला २०० नॅनोग्रॅमच्या आसपास पुरतो. शुद्धतेसाठी २६०/२८० हे गुणोत्तर (या दोन तरंगलांबींच्या प्रकाशशोषणाचं) १.८ च्या जवळ हवं. प्रमाण मात्र क्यूबिट या यंत्रावर मोजा. नॅनोड्रॉप हे दुसरं यंत्र आरएनएही मोजतं आणि आकडा वाढवून दाखवतं. ९६ खणांच्या प्लेटमध्ये रुग्ण आणि निरोगी माणसं सरमिसळ भरा. सगळे रुग्ण एका प्लेटवर आणि निरोगी दुसऱ्यावर ठेवले की प्लेटमधला फरक रोगाचा फरक म्हणून समोर येतो, आणि तो नंतर कोणत्याही गणिताने पुरता सुटत नाही.

प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करून दोन वेगळ्या इमारतींतल्या उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवा. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. जनरेटर आपोआप सुरू होतो का, ते दर महिन्याला प्रत्यक्ष वीज तोडून पाहा.

परवानग्या

नैतिकता समितीची मंजुरी मिळाल्याशिवाय एकही नळी भरायची नाही. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं पूर्ण वाचा. ७ ते १२ वर्षांच्या मुलांची तोंडी आणि १२ ते १८ ची लेखी संमती पालकांच्या संमतीबरोबरच वेगळी घ्यावी लागते. अंगठा असेल तर तटस्थ साक्षीदार हवा. नमुने पुढे कशासाठी वापरले जातील, ते परदेशी जातील का, हे संमतीपत्रात पहिल्याच दिवशी असावं. दहा वर्षांनी हजार घरी परत जाणं जवळपास अशक्य असतं. परदेशी संस्थेसोबत काम असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी लागते. तिला महिने लागतात, म्हणून अर्ज अनुदानाच्या निकालासोबतच तयार ठेवा.

गरोदर स्त्रियांच्या अभ्यासात सोनोग्राफी असेल तर गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा लागू होतो. यंत्र नोंदणीकृत जागेवरच वापरायचं, प्रत्येक तपासणीचा फॉर्म ‘एफ’ भरायचा, आणि गर्भाचं लिंग दाखवणारी कोणतीही माहिती कुटुंबापर्यंत जाऊ द्यायची नाही.

ज्यांचं रक्त घेतलं त्यांना हिमोग्लोबिन, साखर आणि बी-१२ चे अहवाल मराठीत, सोप्या शब्दांत, ठरलेल्या मुदतीत पोहोचवा. रक्तक्षय किंवा मधुमेह निघाला तर उपचार कुठे मिळतील ते सांगा आणि तिथे चिठ्ठी द्या. हे आपण त्यांचं देणं लागतो.

नातं आणि जात

इथे मन लावून वाचा, कारण परदेशी पाठ्यपुस्तकांत हे नीट येत नाही. भारतात अनेक समाज शतकानुशतकं आपल्यातच लग्नं करत आले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ समूहांपैकी ८१ समूहांत मोजक्या पूर्वजांचा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी (पूर्व युरोपीय) ज्यूंपेक्षाही ठळक आढळला. आंध्रातल्या वैश्य समाजात भूल देताना वापरलेलं एक औषध काहींच्या शरीरात लवकर विरघळत नाही, ते याच कारणाने. अशी माहिती भूलतज्ज्ञाच्या हाती असेल तर जीव वाचतो.

म्हणून प्रश्नावलीत मातृभाषा, चारही आजी-आजोबांची गावं, समाज, आणि ‘लग्नाआधी नवरा-बायकोचं नातं होतं का?’ हे हवं. नुसतं ‘नात्यात लग्न?’ विचारलं तर बरेच जण नाही म्हणतात, ‘मामाची मुलगी?’ विचारलं की हो म्हणतात. जातीचा प्रश्न शेवटी, दार लोटून, आणि उत्तर न देण्याची मोकळीक देऊन विचारा. लेखात समाजाचं नाव छापायचं का, हे त्या समाजातल्या माणसांशी बोलून ठरवा. एखाद्या समाजाच्या मुलींची लग्नं आपल्या एका तक्त्यामुळे अडणं ही फार मोठी हानी आहे.

विश्लेषण

सुरुवातीच्या गाळण्या अशा: ज्या माणसाचे २ टक्क्यांहून जास्त जीनोटाइप हुकले त्याला बाहेर काढा, तसंच २ टक्क्यांहून जास्त हुकलेला स्निपही (डीएनएतल्या एका अक्षराचा बदल). एक्स गुणसूत्रावरून लिंग ताडा. नोंद स्त्रीची आणि डीएनए पुरुषाचा निघाला तर नळ्यांची अदलाबदल झालेली असते, आणि एक सापडली की त्या प्लेटवर आणखी असतात. १ टक्क्याहून दुर्मीळ बदल लहान अभ्यासात बाजूला ठेवा.

दोन पाश्चात्त्य सवयी इथे अंगाशी येतात. पहिली, सगळे नातेवाईक काढून टाकणं. सहा गावांतला अभ्यास असेल तर अर्धी माणसं गळतील. त्याऐवजी नातं हिशेबात धरणारी मिश्र प्रतिमानं वापरा, जीसीटीए किंवा सेज या आज्ञावल्यांत ती आहेत. दुसरी, हार्डी-वाइनबर्ग कसोटीची (जीनोटाइपचं प्रमाण अपेक्षेप्रमाणे आहे का ते पाहणारी) कडक मर्यादा सगळ्यांवर एकत्र लावणं. वेगवेगळे समाज एकत्र मोजले की विषमयुग्मी (एकाच जागी दोन वेगळी रूपं असलेली माणसं) कमी दिसतातच, आणि चांगले स्निप विनाकारण गळतात. कसोटी गटवार लावा.

ए/टी आणि सी/जी जोडीचे स्निप डीएनएच्या दोन धाग्यांपैकी कोणत्या धाग्यावर वाचले ते कळत नाही, म्हणून दोन संच जोडताना ते वगळा. स्थानांचे क्रमांक जीनोमच्या ३७ व्या आवृत्तीचे की ३८ व्या, हे प्रत्येक फाइलच्या नावातच लिहा. मग ओळखीच्या जागी पडताळा घ्या: मधुमेहाचा अभ्यास असेल तर टीसीएफ७एल२ या जनुकाचा परिणाम आधी पाहा. तो भारतीयांतही पक्का सिद्ध आहे. तुमच्याकडे तो उलट्या दिशेने आला तर बहुधा अक्षरांची अदलाबदल झाली आहे.

संबंध सापडला की तो कारण आहे का, हे वेगळं शोधावं लागतं. पुणे आणि म्हैसूरच्या संशोधकांनी २०१४ साली हे सुरेख करून दाखवलं. गरोदर आईचं होमोसिस्टीन जास्त असेल तर बाळाचं वजन कमी, हा संबंध गरिबीमुळेही दिसू शकतो. पण एमटीएचएफआर जनुकातला एक बदल जन्मतःच होमोसिस्टीन वाढवतो, आणि तो गरीब-श्रीमंत पाहून मिळत नाही. ज्या आयांमध्ये तो होता त्यांच्या बाळांचंही वजन कमी निघालं. या पद्धतीला मेंडेलीय यादृच्छिकीकरण म्हणतात, आणि तिचा सगळा भरवसा बर्फात वेळेवर ठेवलेल्या त्या नळ्यांवर असतो.

नोकरी आणि पहिली ईमेल

नेट-जेआरएफसारखी परीक्षा उत्तीर्ण झालात तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये संशोधनवृत्ती, वरिष्ठ झाल्यावर ४२,००० रुपये, आणि वर घरभाडं. प्रकल्पावरच्या नेमणुका मात्र बहुधा कंत्राटी असतात. पीएच.डी.नंतर डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग)-वेलकम इंडिया अलायन्सच्या फेलोशिप पाहा.

रुजू होण्याआधी मार्गदर्शकांना चार गोष्टी विचारा. अनुदान कधी संपतं? पीएच.डी.ची नोंदणी कोणत्या विद्यापीठात, कोणत्या विषयाखाली होईल? कोहॉर्टची माहिती मला स्वतःला हाताळायला मिळेल का? पहिल्या लेखावर नाव कोणत्या कामाच्या बळावर लागतं? उत्तरं लेखी मागितली तर चांगले मार्गदर्शक रागावत नाहीत.

ईमेल दहा ओळींची पुरे. त्यांचा कोणता लेख वाचला, त्यातली कोणती पद्धत कळली नाही, आणि तुम्हाला काय येतं, एवढंच लिहा. सोबत ‘१००० जीनोम्स’वर केलेल्या सरावाची आर फाइल जोडा. पाठवण्याआधी ती मित्राच्या संगणकावर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत चालवून पाहा. तुमच्या संगणकावरच्या फोल्डरचा पत्ता आत राहून गेला असेल तर ती तिसऱ्या ओळीतच अडते.